अडत पेढीतला अडकलेला प्रोग्रॅम आणि ‘प्रोसेस एक्सप्लोरर’

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत पेढीचे संगणकाचे काम मी काही वर्षांपासून पाहतो. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढणारा तिथला प्रोग्रॅम माझाच आहे. सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आणि दिसायला साधा असला, तरी सौद्याच्या दिवशी सगळी पेढी त्याच्यावर चालते. हा प्रोग्रॅम सगळी कामे स्वतः करत नाही. पट्ट्यांच्या सुट्या पीडीएफ फायली जोडून त्यांचा आकार कमी करण्यासाठी तो घोस्टस्क्रिप्ट या तयार प्रोग्रॅमला हाक मारतो, आणि रात्रीच्या बॅकअपसाठी मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातल्या माहितीची प्रत, काढणारा प्रोग्रॅम चालवतो. हे दोन्ही कमांड लाइनवरचे प्रोग्रॅम आहेत. त्यांना ना खिडकी, ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की ते काम उरकून निघून जातात. माझ्या प्रोग्रॅममधून चालवले की मात्र कधीकधी ते तिथेच बसून राहत. ते का बसतात हे ज्या साधनामुळे मला डोळ्यांनी पाहता आले, त्या प्रोसेस एक्सप्लोररविषयी हा अभिप्राय आहे.

ज्या संध्याकाळी मी हे साधन पहिल्यांदा गंभीरपणे उघडले ती मार्चमधली होती. हळदीची आवक मोठी होती, पट्ट्या दीडशेच्या वर गेल्या होत्या आणि दिवाणजींनी ‘सर्व पट्ट्या एकत्र करा’ हे बटण दाबून पंधरा मिनिटे झाली होती. खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ हे शब्द आले होते. हळदीच्या हातांनी पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर दिवाणजी एंटर दाबून पाहत होते, आणि बाकावर बसलेले अथणीकडचे एक वयस्क शेतकरी दर पाच मिनिटांनी विचारत होते, “मालक, पट्टीचं झालं का न्हाई? माझी शेवटची गाडी जाईल बघा.” प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, तर तो पुन्हा त्याच जागी थांबला. शेवटी पट्ट्या एकेक करून छापल्या आणि वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी तीसच पट्ट्या होत्या आणि तेच बटण क्षणात काम करून मोकळे झाले. आदल्या रात्री आलेल्या एका जाणकारांनी विंडोज नव्याने टाका आणि मेमरी वाढवा असा सल्ला दिला होता. तो ऐकला असता तर खर्च झाला असता आणि पुढच्या मोठ्या सौद्याला तेच घडले असते.

प्रोसेस एक्सप्लोरर हे सिसइंटर्नल्स या संचातले साधन आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये आपल्याकडे घेतला, आणि ही साधने आजही मोफत मिळतात. इन्स्टॉल करण्याची भानगड नाही; झिप फाईल उघडली की आतली फाईल थेट चालते, त्यामुळे ती पेन ड्राइव्हवर घेऊन कुठल्याही पेढीत जाता येते. टास्क मॅनेजरही चालू प्रोग्रॅम दाखवतो, पण प्रोसेस एक्सप्लोरर ते झाडासारखे मांडतो: कोणी कोणाला जन्म दिला हे डावीकडच्या फांद्यांवरून कळते. बाहेरचा प्रोग्रॅम अडकल्याची तक्रार तपासताना पहिली गरज नेमकी हीच असते.

माझ्या प्रोग्रॅमखाली घोस्टस्क्रिप्ट दिसत होता आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, ‘कॉनहोस्ट’. नवख्याला वाटेल की हाच चोर. तसे नाही. काळ्या पडद्याच्या प्रत्येक प्रोग्रॅमला विंडोज असा एक सोबती देते, मग तो पडदा लपवलेला का असेना. त्याला मारून काही साधत नाही. घोस्टस्क्रिप्टच्या ओळीवर दोनदा क्लिक केले की जी चौकट उघडते तिच्या पहिल्याच पानावर दोन मोलाच्या गोष्टी असतात: तो प्रोग्रॅम नेमक्या कोणत्या ओळीने चालवला गेला, आणि त्या वेळी तो कोणत्या फोल्डरमध्ये उभा होता. आपल्या कोडमध्ये आपण काय लिहिले आहे असे आपल्याला वाटते आणि प्रत्यक्षात काय पोहोचले, यांतला फरक इथे उघडा पडतो. फोल्डरच्या नावातल्या मोकळ्या जागेमुळे ओळीचे दोन तुकडे झालेले, अवतरणचिन्हे गळालेली, सापेक्ष पत्ता भलत्याच फोल्डरपासून मोजला गेलेला, असे प्रकार मी या पानावर अनेकदा पकडले आहेत.

त्या दिवशी ओळ मात्र निर्दोष होती. मी ती जशीच्या तशी उचलून काळ्या पडद्यावर चिकटवली आणि दीडशे पट्ट्या अर्ध्या मिनिटात एकत्र झाल्या. इथे बहुतेक जण फसतात, आणि मीही फसलो. हाताने चालवले तर चालते, म्हणजे दोष विंडोजचा किंवा अँटिव्हायरसचा, असा निष्कर्ष मी काढला आणि त्यात दोन दिवस घालवले. हाताने चालवताना आणि प्रोग्रॅममधून चालवताना ओळ तीच असली तरी परिस्थिती तीच नसते. हाताने चालवताना तो प्रोग्रॅम जे काही बडबडतो ते पडदा लगेच घेऊन दाखवतो. माझ्या प्रोग्रॅमने ती बडबड स्वतःकडे वळवून घेतली होती, आणि ती घेण्याची जबाबदारीही त्यामुळे माझ्यावर आली होती.

खरे उत्तर ‘थ्रेड्स’ या पानावर मिळाले. तिथे प्रोग्रॅममधला प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा एकेक स्वतंत्र धागा, दिसतो आणि तो निवडून ‘स्टॅक’ हे बटण दाबले की तो कोणकोणत्या फंक्शनमधून, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यांतून, शिरत आत्ताच्या जागी आला ती वाट दिसते. सर्वांत वरच्या ओळी म्हणजे तो सध्या उभा आहे ती जागा. घोस्टस्क्रिप्टच्या थ्रेडवर वरच्या ओळींत ‘राइटफाईल’ हे नाव होते, म्हणजे तो काहीतरी लिहू पाहत होता आणि लिहिणे पुरे होत नव्हते. माझ्या प्रोग्रॅमच्या थ्रेडवर ‘वेट’ या शब्दाची फंक्शने एकाखाली एक होती. घोस्टस्क्रिप्ट संपण्याची तो वाट पाहत होता. दोघांपैकी कोणीही सीपीयू वापरत नव्हता, कारण दोघेही एकमेकांसाठी थांबले होते.

पेढीत हे समजावून सांगताना मी दिवाणजींना त्यांच्याच कामाचे उदाहरण दिले. समजा हमाल ट्रॉलीतली पोती काट्यापुढच्या फळीवर आणून ठेवतो आहे आणि फळीवर जागा चाळीसच पोत्यांची आहे. दिवाणजी हटून बसले की ट्रॉली पूर्ण रिकामी झाल्याशिवाय मी एकही पोते वजनाला घेणार नाही. तीस पोत्यांची ट्रॉली आली तर काही बिघडत नाही. दीडशे पोत्यांची आली तर एकेचाळिसावे पोते पाठीवर घेऊन हमाल तसाच उभा राहतो, दिवाणजी पेन हातात धरून बसून राहतात, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते. फळी म्हणजे दोन प्रोग्रॅममधली पाइप. घोस्टस्क्रिप्ट प्रत्येक पानाला एक ओळ छापतो आणि फॉन्ट सापडला नाही की त्याबद्दल आणखी लांब ओळी छापतो. माझ्या संगणकावर ही फळी मी मोजून पाहिली, ती ४०९६ बाइटची निघाली. तीस पट्ट्यांची बडबड तिच्यात मावत होती, दीडशेची मावत नव्हती. मी कोडमध्ये आधी ‘संपेपर्यंत थांब’ आणि मग ‘जे छापले ते वाच’ असा क्रम लिहिला होता. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात या क्रमाविषयी स्पष्ट इशारा आहे. तो मी वाचला नव्हता, इतकाच या प्रकरणातला गुन्हेगार.

दुरुस्ती क्रम उलटा करण्याइतकी सोपी वाटते, पण तिथेही एक खड्डा आहे. कमांड लाइनच्या प्रोग्रॅमला बोलण्याच्या दोन वाटा असतात, एक नेहमीच्या मजकुरासाठी आणि दुसरी चुका सांगण्यासाठी. दोन्ही आपल्याकडे वळवून घेतल्या आणि पहिली शेवटपर्यंत वाचून मग दुसरीकडे वळायचे ठरवले, तर दुसरी फळी भरून तोच प्रसंग ओढवतो. म्हणून दोन्ही वाटा एकाच वेळी, पार्श्वभूमीवर वाचत राहाव्या लागतात. सी शार्पमध्ये त्यासाठी तयार सोय आहे. पायथॉनवाल्यांसाठी ‘कम्युनिकेट’ ही पद्धत नेमके हेच करते. मजकुराची गरजच नसेल तर तो वळवूच नये, किंवा थेट फाईलमध्ये सोडावा, कारण फाईल ही कधी न भरणारी फळी आहे, निदान डिस्क भरेपर्यंत तरी.

मिरजेतल्या माझ्या एका मित्राने हेच काम लिनक्सवर केले आहे आणि त्याचे म्हणणे असे, की त्याच्याकडे हा त्रास कधी झालाच नाही. त्याचे कारण लिनक्सची शिस्त नव्हे. तिथली पाइप साधारणपणे ६५,५३६ बाइटची असते, म्हणजे माझ्या फळीच्या सोळापट, त्यामुळे दोष तसाच असूनही तो फार उशिरा बाहेर पडतो. तिकडे प्रोसेस एक्सप्लोररऐवजी ‘एसट्रेस’ हे साधन अडकलेल्या प्रोग्रॅमला जोडले की तो लिहिता लिहिता थांबला आहे की वाचता वाचता, हे एका ओळीत कळते. साधन म्हणून ते अधिक नेमके आहे, पण दिवाणजींसमोर उघडून दाखवण्याजोगे नाही.

स्टॅकवरची नावे वाचायला शिकणे हाच या साधनाचा खरा लाभ आहे, असे मी म्हणेन. वरच्या ओळींत लिहिण्याचे फंक्शन दिसले तर आपण वाचत नाही आहोत. वाचण्याचे दिसले, ‘रीडफाईल’ किंवा ‘रीडकन्सोल’, तर तो प्रोग्रॅम आपल्याकडून काही उत्तर मागतो आहे आणि प्रश्न आपल्याला दिसत नाही. घोस्टस्क्रिप्टला ‘नोपॉज’ ही सूचना दिली नाही तर तो दर पानानंतर एंटरची वाट पाहतो, आणि ‘बॅच’ ही सूचना दिली नाही तर सगळी पाने संपल्यावरही पुढच्या आज्ञेसाठी बसून राहतो. व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगला त्याच नावाची फाईल आधीच सापडली की तो ‘त्यावर लिहू का’ असे विचारतो. रिमोट सर्व्हरला जोडणारा एसएसएच पहिल्या वेळी ओळख पटवून मागतो. लपलेल्या पडद्यावर विचारलेल्या या प्रश्नांना कोण उत्तर देणार? अशा वेळी होकाराचा पर्याय ओळीतच द्यावा आणि वर त्या प्रोग्रॅमची ऐकण्याची वाट बंद करून टाकावी, म्हणजे प्रश्न विचारलाच तर उत्तराऐवजी शेवट मिळून तो बहुधा बाहेर पडतो.

रात्रीच्या बॅकअपचे दुखणे याच जातीचे होते. दिवसा मी बसून चालवला की बॅकअप होत असे. रात्री टास्क शेड्युलरने, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीने, कोणी लॉगइन नसताना चालवला, की सकाळी तो अर्धवट अवस्थेत जिवंत सापडत असे. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये हे पाहण्यासाठी त्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे लागते, नाहीतर दुसऱ्या खात्याखालच्या प्रोग्रॅमचा तपशील रिकामा दिसतो. आणि ‘सेशन’ (विंडोजमधली कामाची स्वतंत्र बैठक) हा रकाना स्वतः चालू करावा लागतो. तो चालू केल्यावर बॅकअपच्या ओळीपुढे शून्य दिसले. विंडोज व्हिस्टापासून सेवा आणि अशी पार्श्वभूमीची कामे शून्य क्रमांकाच्या वेगळ्या सेशनमध्ये चालतात, तिथे उघडलेली खिडकी वा विचारलेला प्रश्न माणसाच्या पडद्यावर येत नाही. माझ्या खात्यात पासवर्ड एका सेटिंग फाईलमध्ये ठेवलेला होता, रात्रीच्या खात्याला ती फाईल दिसत नव्हती, आणि डंपचा प्रोग्रॅम शून्य सेशनच्या अंधारात पासवर्ड विचारून वाट पाहत होता. चौकटीतल्या ‘एन्व्हायर्नमेंट’ या पानावर वापरकर्त्याच्या फोल्डरचा पत्ता वेगळा दिसला तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. सेटिंग फाईलचा पूर्ण पत्ता ओळीत दिला आणि प्रकरण मिटले.

आता उणिवा. पहिली म्हणजे या साधनाची भाषा. फंक्शनची नावे नीट दिसण्यासाठी ‘सिम्बॉल’ फायलींची, म्हणजे कोडमधल्या आकड्यांना नावे देणाऱ्या फायलींची, जुळणी करावी लागते, आणि ती प्राथमिक माहिती नसलेल्याला अवघड जाते. जुळणी न करताही विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनची बरीच नावे दिसतात आणि अडकण्याचे कारण ओळखायला बहुतेक वेळा तेवढी पुरतात, पण आपल्या किंवा तिसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या ओळी मात्र नुसत्या आकड्यांच्या राहतात. दुसरी उणीव मला अधिक खटकते. हँडलच्या, म्हणजे प्रोग्रॅमने उघडून धरलेल्या गोष्टींच्या, यादीत पाइप दिसते, पण तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे सहज कळत नाही. हे महत्त्वाचे का, तर बाहेरचा प्रोग्रॅम कधी स्वतःही आणखी एखादा प्रोग्रॅम सुरू करतो, तो नातू पाइपचे टोक वारशाने घेऊन बसतो, मुलगा काम संपवून जातो आणि आपला वाचक मात्र ‘अजून कोणीतरी बोलेल’ म्हणून थांबून राहतो. मधला मुलगा गेल्यावर झाडातली फांदीही तुटते, आणि तो नातू डावीकडे एकटाच, अनाथ म्हणून उभा दिसतो. तो ओळखायला सराव लागतो.

मारण्याच्या सोयीविषयीही एक सावधगिरी. उजव्या क्लिकवर ‘किल प्रोसेस’ आणि ‘किल प्रोसेस ट्री’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत. अडकलेल्या प्रोग्रॅमला सीएमडी या काळ्या पडद्याच्या प्रोग्रॅममार्फत चालवले असेल तर पहिल्या पर्यायाने फक्त सीएमडी मरतो आणि खरा प्रोग्रॅम फाईल धरून जिवंत राहतो. दुसरा पर्याय घाईत चुकीच्या ओळीवर वापरला तर अख्खी पेढी बंद पडते. आमच्याकडे एकदा तसे झाले आहे, आणि बोट माझे होते. यावरून धडा घेऊन मी माझ्या कोडमध्येच ठरावीक वेळेनंतर संपूर्ण झाड मारण्याची व्यवस्था केली. सी शार्पचे प्रोग्रॅम ज्याच्या आधारे चालतात त्या डॉट नेट कोअरच्या ३.० आवृत्तीपासून त्यासाठी थेट सोय आहे. अशी मुदत ठेवणे हा उपाय नव्हे, पण अडकलेल्या पट्टीऐवजी ‘पट्टी निघाली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश दिसणे बाकावर बसलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कितीतरी बरे असते.

आणखी एक गोष्ट या साधनावर सोपवू नये. काही प्रोग्रॅम अडकलेले नसतात, फक्त गप्प असतात. पडद्यावर प्रत्येक ओळ लगेच छापणारे बरेच प्रोग्रॅम पाइपमध्ये लिहिताना मजकूर साठवून एकदम सोडतात, त्यामुळे प्रगतीची पट्टी शेवटपर्यंत हलत नाही. सीपीयूचा रकाना हलत असेल तर धीर धरावा. आणि प्रोग्रॅम कोणत्या फाईलवर अडखळतो आहे हे शोधायचे असेल तर याच संचातला प्रोसेस मॉनिटर अधिक उपयोगी. तो प्रत्येक फाईलची उघडझाप नोंदवतो, पण त्याच्या नोंदींचा पूर इतका असतो की चाळणी लावल्याशिवाय त्यात उतरू नये.

पेढीच्या संगणकावर मी प्रोसेस एक्सप्लोरर कायमचा ठेवला आहे. नवीन सुरू झालेली ओळ त्यात हिरवी होते आणि संपणारी लाल. हा रंग मुळात एकच सेकंद टिकतो, तो मी सेटिंगमधून वाढवून ठेवला आहे, म्हणजे सवडीने पाहता यावा. ‘स्टॅक’ वगैरे दिवाणजींना सांगण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. गेल्या मोठ्या सौद्याच्या संध्याकाळी पट्ट्या एकत्र करायला लावून त्यांनी मला विश्रामबागेत घरी फोन केला आणि म्हणाले, “हिरवं झालं होतं, आता लाल होऊन गेलंसुद्धा. छापायला घेऊ का?”